मोठी फोर बाय फोर एसयूव्ही घ्यायचीय, डिझेल की पेट्रोल? (रोजचं रनिंग कमी, गावचा रस्ता चिखलाचा)

मीनल_कोथरूड
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरात एक जुनी वॅगन आर आहे आणि आम्ही माणसं सहा. वेल्ह्याच्या पुढे सासऱ्यांची दोन एकर जमीन आहे, तिथे छोटं घर बांधलंय, महिन्यातून दोनदा तरी जातोच. डांबरी संपली की शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता आणि त्यात एक चढ असा आहे की पावसाळाभर गाडी खाली लावून सासूबाईंना हाताला धरून वर न्यावं लागतं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. गेल्या जुलैत त्या अर्ध्या चढावर चिखलात बसल्याच, उठवेनात, तेव्हा ठरवलं की आता गाडी वरपर्यंत जाईल अशीच घ्यायची.

पण उरलेल्या दिवसांत गाडी मीच चालवणार, साडेतीन किलोमीटरवर मुलांची शाळा, मंडई, क्लास, बास. नवरा मेट्रोने जातो. वर्षाला सगळं मिळून ११-१२ हजार किलोमीटर. कुणालाही विचारलं की एकच उत्तर, वर्षाला पंधरा हजाराच्या खाली असेल तर डिझेल घेऊ नका. आणि शोरूममधला मुलगा म्हणतो मॅडम बिनधास्त डिझेल घ्या. बजेट ताणून २६-२७ लाख ऑन रोड. ऑटोमॅटिक हवी. डोक्यात स्कॉर्पिओ एन आहे, थार रॉक्स पण बघितली पण मागे सामानाला आणि माणसांना जागा पुरत नाही. काय करू?

घाटवाट
मीनलताई, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या बजेटात डिझेल की पेट्रोल हा सुटा प्रश्न उरतच नाही. स्कॉर्पिओ एनमध्ये फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, फक्त डिझेलला मिळतं. रॉक्सचंही तेच. फॉर्च्युनर पेट्रोलमध्ये येते पण फक्त टू व्हील ड्राइव्ह. गुरखा डिझेल, मेरिडियनची फोर बाय फोर डिझेल. पेट्रोल आणि फोर बाय फोर एकत्र हवं तर तीन दारांची थार किंवा जिम्नी, आणि त्याच्या वर थेट रँगलर, डिफेंडर. सहा माणसांची, तुमच्या बजेटातली मधली एकही नाही. म्हणजे तुमच्यापुढे पेट्रोल टू व्हील ड्राइव्ह की डिझेल फोर बाय फोर असा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तो चढ देणार. चढाचे फोटो टाका ना.

मीनल_कोथरूड
फोटो टाकलेत खाली. परतीच्या पावसाने अजून ओला आहे. उजवीकडे दिसतंय ते भातखाचर, डावीकडे ओघळ.

हिशोबी_माणूस
चढाचं नंतर बघू, पैशाचं मी सांगतो. आकडे माझ्या आणि मेहुण्याच्या गाडीचे आहेत, टाकी फुल ते टाकी फुल मोजलेले, दोन्ही ऑटोमॅटिक आणि याच वजनाच्या. डिझेल फोर बाय फोर शहर-हायवे मिळून १२ देते, टर्बो पेट्रोल साडेआठ. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरा. १२ हजार किलोमीटरला डिझेल १००० लिटर म्हणजे ९० हजार. पेट्रोल साधारण १४१२ लिटर म्हणजे १ लाख ४७ हजार. वर्षाला ५७ हजाराचा फरक. आता कोटेशनमध्ये पेट्रोल टू व्हील आणि डिझेल फोर बाय फोर यांच्यात तीन लाखांच्या वर फरक दिसेल, म्हणजे वसुलीला पाच-सहा वर्षं, पण त्या तीन लाखांत फोर बाय फोरचे पैसे धरलेत, ते इंजिनाच्या खात्यात टाकायचे नाहीत. नुसत्या इंजिनाचा फरक दोन वर्षांत सहज निघतो.

महाराष्ट्रात रोड टॅक्सचाही फरक आहे, २० लाखांच्या वरच्या गाडीला पेट्रोल असेल तर १३ टक्के, डिझेलला १५. जीएसटी मात्र दोन्हीला सारखा, २२ सप्टेंबर २०२५ पासून या मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के. आधी सेस धरून ५० पर्यंत जायचा, तो आता नाही.

इगतपुरीचा_काका
मीनल, पंधरा हजार किलोमीटरचा जो ठोकताळा लोक सांगतात तो आला कुठून ते सांगतो, माझी सगळी नोकरी इंजिनांत गेली. आमच्या लहानपणी जीप म्हणजे पेट्रोल होती, हरिकेन इंजिनाची, आणि ती इतकी पेट्रोल प्यायची की लोक ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन काढून तिच्यात बसवायचे. मग महिंद्राने प्यूजोच्या सहकार्याने इगतपुरीच्या कारखान्यात एक्सडीपी इंजिन बनवायला घेतलं आणि गावोगाव डिझेल जीप झाली. डिझेलचा भाव सरकार ठरवायचं. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये मोकळा झाला, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात काय झालं बघ, मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ च्या वर आणि डिझेल ४१ च्या आसपास. तेव्हा सगळ्यांनी डिझेल घेतलं, आठवड्यातून एकदा बाजारात जाणाऱ्यांनीसुद्धा. भावातला फरक कमी झाल्यावर लोक वर्षाचे किलोमीटर मोजायला लागले. छोट्या हॅचबॅकला ते गणित बरोबर होतं, कारण पेट्रोल हॅचबॅक १८ देते. दोन टनाच्या गाडीला ते लागू करू नका. वजन वाढलं की पेट्रोलचं अॅव्हरेज डिझेलपेक्षा फार वेगाने पडतं.

कारण साधं आहे. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा १२-१३ टक्के जास्त ऊर्जा असते, कॉम्प्रेशन जास्त, आणि हवेच्या वाटेत पेट्रोलसारखी झडप घालून इंजिनाचा श्वास आवळावा लागत नाही. त्यामुळे अर्ध्या-पाव भारावर, म्हणजे आपण रोज चालवतो तसं चालवताना, डिझेल कमी खातं.

पिस्टन_पुणेकर
काकांना नमस्कार करून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. टॉर्क, म्हणजे गाडी ओढण्याची ताकद, डिझेलचीच असते हे आता जुनं झालं. स्कॉर्पिओ एन ऑटोमॅटिकचे आकडे बघा, डिझेल १७५ पीएस पॉवर आणि ४०० एनएम टॉर्क, पेट्रोल २०३ पीएस आणि ३८० एनएम, दोन्हीचा टॉर्क १७५० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे). वीसचा फरक आहे फक्त. टर्बो आल्यापासून पेट्रोल खालच्या आरपीएमला ओढतं. हां, फॉर्च्युनरचं २.७ पेट्रोल बिनटर्बो आहे, ते २४५ एनएम, आणि तिचंच २.८ डिझेल ऑटोमॅटिकमध्ये ५००, तिथे जमीन अस्मानाचा फरक. मी स्वतः पेट्रोल स्कॉर्पिओ एन चालवतो आणि शहरात तिच्यासारखा आनंद नाही, आवाज नाही, थरथर नाही, सिग्नलला उभी असताना इंजिन चालू आहे का बंद ते कळत नाही. ताई, तुमचे आठवड्याचे पाच दिवस शहरात जाणार आहेत, त्याचा विचार करा.

नदीकाठ
मी मीनलताईंना कळकळीने सांगतो, साडेतीन किलोमीटरच्या शाळेसाठी नवीन डिझेल घेऊ नका. हे कुणी मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून सविस्तर लिहितोय. गाडी कुठली ते लिहीत नाही कारण दोष गाडीचा नव्हता.

बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल ऑटोमॅटिक घेतली. आधी ऑफिस ३० किलोमीटरवर होतं, काही त्रास नाही. मग घरून काम सुरू झालं आणि गाडी फक्त आईला फिजिओकडे नेण्यापुरती, चार किलोमीटर जाऊन चार परत. तिसऱ्या महिन्यात एक दिवस घरी येऊन गाडी बंद केली तर पुढचा पंखा जोरात चालूच, आणि खालून तापलेल्या तव्यासारखा वास. वाटलं कूलंट गेलं. असं चार-पाच वेळा झालं, दरवेळी मी चावी काढून वर निघून गेलो. नंतर पिवळा दिवा लागला, नंतर गाडीने पिकअपच सोडला, ऐंशीच्या वर जाईना. ऑइलची पट्टी काढून बघितली तर पातळी वरच्या खुणेच्या दीड बोट वर. ऑइल कमी होतं हे माहीत होतं, वाढतं हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. बोटावर घेऊन वास घेतला तर चक्क डिझेल. वर्कशॉपने लॅपटॉप लावून उभ्या गाडीत धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायचा दोनदा प्रयत्न केला, नाही झाला, आणि नवीन फिल्टरचं कोटेशन हातात दिलं ते पावणेदोन लाखांचं. वॉरंटीत बसत नाही म्हणाले, वापरण्याची पद्धत चुकीची. शेवटी काढून साफ करून निभावलं.

मीनल_कोथरूड
बाप रे. हे कुणीच बोललं नव्हतं. पण पंखा चालू राहण्याचा आणि ऑइलमध्ये डिझेल जाण्याचा काय संबंध? नीट समजून घ्यायचंय.

घाटवाट
सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ लागला, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी. ती भरते, मग ती काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी तिथे ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. हायवेला सलग चालवलं की गाडी हे काम स्वतःच करते, कळतही नाही. शहरात धूर तेवढा तापत नाही, मग इंजिन मुद्दाम पॉवर स्ट्रोक होऊन गेल्यावर थोडं जादा डिझेल सोडतं, ते पुढे जाळीपाशी जळून तापमान चढवतं. नदीकाठ यांनी नेमकं त्याच वेळी गाडी बंद केली, म्हणून पंखा आणि वास. काम अर्धवट राहिलं, पुढच्या फेरीला परत सुरू, परत अर्धवट. आणि त्या उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलेंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतो. पातळ झालेलं ऑइल टर्बोला आणि बेअरिंगला घातक.

म्हणून ताई, वर्षाचे किलोमीटर विचारूच नका कुणाला. एका वेळी इंजिन गरम होऊन किती वेळ सलग चालतं ते मोजा. वर्षाला आठ हजार पण प्रत्येक फेरी साठ किलोमीटरची, डिझेल खुशाल घ्या. वर्षाला अठरा हजार पण सगळे पाच-पाच किलोमीटरचे तुकडे, डिझेल नको.

आणि दिवा लागलाच तर घाबरायचं नाही, गाडी बंद करायची नाही, कात्रजच्या बोगद्यापलीकडे सातारा रस्त्याला काढायची, साठच्या वर, आरपीएम दोन हजाराच्या आसपास ठेवून वीस मिनिटं. दिवा विझतो. ऑइल बदलताना कमी राख सोडणारं, डीपीएफसाठीचंच घालायचं, कंपनीच्या पुस्तकात ग्रेड लिहिलेला असतो. जाळी काढून पोकळ पाइप लावून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादाला अजिबात लागू नका, बेकायदेशीर तर आहेच आणि तो काळा धूर मागच्या स्कूटरवरच्या पोरांच्या नाकात जातो.

नदीकाठ
घाटवाट, हे मला डिलिव्हरीच्या दिवशी कुणी दहा मिनिटं बसून सांगितलं असतं तर! रिबीन कापायला वेळ होता त्यांना.

ऊसपट्टा_कोल्हापूर
पेट्रोलवाल्यांनी एक लक्षात घ्यावं, आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. त्यातलं बरंचसं आमच्याच भागातल्या कारखान्यांतून येतं, आणि शेतकरी म्हणून मला त्याचा आनंदच आहे, उसाचं बिल वेळेवर निघायला मदत होते. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडं पडणार हे खरं. नवीन गाड्या ई२० साठी बनवलेल्या आहेत, त्यांना इंजिनाचा त्रास नाही. जुनी पेट्रोल एसयूव्ही सेकंडहँड घेणार असाल तर मात्र रबराचे पाइप आणि सील तपासूनच घ्या.

मस्कतकर
ओमानहून लिहितोय, अकरा वर्षं इथे वाळवंटात गाडी घालतोय. इकडे खाजगी मोठ्या फोर बाय फोर जवळजवळ सगळ्या पेट्रोल. निसानची जुनी 'पॅट्रोल' ५.६ व्ही८, टोयोटाची लँड क्रूझर, दोन्ही पेट्रोलवर. भारतात लँड क्रूझर ३०० फक्त डिझेलमध्ये विकतात, ३.३ व्ही६, ७०० एनएम. इकडे पेट्रोल गाड्या असण्याचं कारण नुसतं स्वस्त पेट्रोल नाही. वाळूच्या टेकडीवर चढताना वेग टिकवावा लागतो, इंजिन उंच आरपीएमला गुरगुरत ठेवावं लागतं, पेट्रोल तिथे फुलतं आणि डिझेलचा दम चार हजाराच्या आत संपतो. टायरची हवा पंधरा पीएसआयपर्यंत उतरवतो. पण ताईंचा चढ फोटोत बघितला, ती वाळू नाही, तो निसरडा मुरूम आणि माती. तिथे वेग घेऊन चढणं म्हणजे ओघळात जाणं. तिथे हळू, एकसारखं ओढणारं इंजिन पाहिजे. वाळूला पेट्रोल, चिखल-दगडाला डिझेल असं माझं मत.

राजधानीतला_मराठी
डिझेल घेताना दहा वर्षांचं लक्षात ठेवा. इकडे एनसीआरमध्ये (दिल्ली आणि आसपास) दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीवर बंदी, हरित लवादाचा आदेश आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो उचलून धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने तूर्त मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटलं होतं, तरी गाडी विकताना भाव पडतोच. डिसेंबर २०१५ मध्ये तर दोन हजार सीसीच्या वरच्या डिझेलची नोंदणीच बंद केली होती, ऑगस्ट २०१६ पर्यंत. तेव्हा स्कॉर्पिओला १.९९ लिटरचं इंजिन द्यावं लागलं होतं.

हिशोबी_माणूस
माहिती बरोबर, पण तो नियम एनसीआरचा. पुण्यात खाजगी गाडीला डिझेल असो पेट्रोल असो, पंधरा वर्षांची नोंदणी आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षं. पुढे इथे काय होईल त्यावर मी पैसे लावणार नाही, पण आजचा निर्णय आजच्या नियमावर.

वेल्हेकर
मीनलताई, तुमचा चढ मी ओळखला, मी पलीकडच्या वाडीचा. तिथे माझा ट्रॅक्टरसुद्धा ऑगस्टमध्ये आडवा सरकलाय. पेट्रोल की डिझेल हे पुण्यात बसून ठरवू नका. माझ्याकडे स्कॉर्पिओ एन डिझेल फोर बाय फोर आहे, शनिवारी या, चढावर दोन्ही तऱ्हेने चालवून दाखवतो. मग पटलं तर घ्या.

आणि कुणीही कुठलीही गाडी घ्या, टायर बघा. रोडचे गुळगुळीत टायर असतील तर फोर बाय फोर चारही चाकं एकदम फिरवून तुम्हाला खाली आणेल.

पिस्टन_पुणेकर
+१ टायरला. आणि वेल्हेकर, उत्तम काम करताय.

लेह_ते_लातूर
मोठ्या ट्रिपचं मनात असेल तर एकच, थंडीत लडाखला साधं डिझेल गोठून फिल्टरमध्ये मेणासारखं अडकतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ पासून तिकडे हिवाळी डिझेल आणलंय, उणे ३३ पर्यंत वाहतं. पुण्यातून भरलेली टाकी तिकडे जाईपर्यंत संपवायची आणि तिथलंच भरायचं. पेट्रोलला ही भानगड नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर दोन्ही सारखंच.

मीनल_कोथरूड
शनिवारी जाऊन आलो, सासूबाईंनाही घेऊन गेलो. वेल्हेकर दादांचे आणि वहिनींचे आभार किती मानू, जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. दादांनी आधी टू व्हीलवर चढवली. पहिलं वळण आलं आणि तिथे मागचं डावं चाक नुसतं फिरायला लागलं, माती उडून मागच्या काचेवर, गाडी पुढे जायच्या ऐवजी शेपूट हळूहळू ओघळाकडे. मी दाराचं हँडल घट्ट धरून बसले होते. दादांनी ब्रेक धरला, न्यूट्रल केली, नॉब फिरवून फोर लो (चारही चाकं, सगळ्यात हळू पण ताकदीचा गिअर) लावलं, खालून कट्ट असा आवाज आला, आणि मग अॅक्सिलरेटरवर पाय जेमतेम ठेवून गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वर गेली. इंजिनाने आवाजही वाढवला नाही. मग मला चालवायला दिली. उतरताना पहिल्या गिअरला ठेवून ब्रेकला पायच लावू नका म्हणाले, भीती वाटली पण गाडी आपोआप पाय रोवत उतरली. सासूबाई मागे बसून एक शब्द बोलल्या नाहीत, वर घराच्या दारात गाडी थांबल्यावर नुसत्या रडल्या. तीन वर्षांनी पावसाळी हवेत त्या घरी चिखल न तुडवता पोचल्या.

पिस्टन, तुमची पेट्रोल शहरात खरंच सुखाची असणार, ते मला मान्य आहे. पण तो चढ ती चढणार नाही, आणि गाडी आम्ही त्या चढासाठीच घेतोय.

राहिला शाळेचा प्रश्न. नदीकाठ यांची पोस्ट नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. वॅगन आर एक्स्चेंजमध्ये देणार होतो, ती आता देत नाही. शाळा, मंडई, क्लास सगळं तिच्यावर. मोठी गाडी वेल्हे, कोकण आणि सोलापूरला माहेरी, म्हणजे निघाली की निदान तासभर हायवेला चालणार. एक्स्चेंजचे पैसे गेल्यामुळे एक व्हेरियंट खाली उतरतोय, चालेल.

घाटवाट
फार छान ठरवलंत. गाडी आठवडाभर उभी राहिली तरी बिघडत नाही, नुसती पाच मिनिटं चालू करून बंद मात्र करू नका, त्यानेच काजळी साठते. डिझेल फिल्टरमधलं पाणी सर्व्हिसिंगला आठवणीने काढून घ्या. आणि घरात एक पेट्रोल एक डिझेल झाली म्हणजे पंपावर मोठ्याने डिझेल म्हणायचं आणि नोझल बघायचं. चुकून पेट्रोल पडलं तर स्टार्टच करायची नाही, आतला हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. ढकलत बाजूला घ्या, टाकी रिकामी करा.

वेल्हेकर
ताई, चढाच्या डोक्यावर पाणी आडवं काढायला एक चर मारू आणि खाली दोन ट्रॉली मुरूम टाकू, दिवाळीनंतर माझा ट्रॅक्टर मोकळा आहे. गाडी चांगली असली तरी रस्ता दरवर्षी खचत गेला तर तीही थकेल.

मीनल_कोथरूड
नक्की दादा, सासरे स्वतः उभे राहतील. बुकिंग परवा करतोय. आता शेवटचं, सासूबाई विचारतायत पायरी किती उंच आहे. शनिवारी दादांनी खाली लाकडी पाट ठेवला होता म्हणून चढल्या. साइड स्टेप लावली तर जमिनीपासून किती उंची राहते, कुणी मोजून सांगेल का?

पिस्टन_पुणेकर
माझी पेट्रोल असली तरी पायरी सारखीच असावी. आईसाठी साइड स्टेप लावून घेतलीय. उद्या सकाळी टेपने मोजून फोटोसकट टाकतो.